सोडल्याचा कागद

१८ ऑक्टोबर २०२४

धान खरेदी संस्थेचे सचिव चुन्नीलालजी आज स्वतः घरी आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मनोहरलाल, या सीझनले येतेस का नाही ते सांग. नाइ तं मी दुसरा मानूस ठेवतो. मंग पुढच्या साली माह्या दारात उभा राहू नोको."

मी आधारभूत धान खरेदी केंद्रावर अकरा वर्षं ग्रेडर होतो. पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसायची, मूठभर धान काढायचं, ओलावा बघायचा आणि पास की नापास ते सांगायचं. वीस एकरवालासुद्धा तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. माझ्या जन्मात ऐट म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट. मग माझी बायको कुंता सालेकशाच्या लग्नाहून परतताना ट्रॉलीतून पडली, कमरेखालची गेली, आणि तिच्याबरोबर मीही घरी राहिलो. आम्हाला मूलबाळ नाही. करणार कोण?

चुन्नीलालजी बोलत होते तेव्हा मी तिची कूस बदलत होतो. दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तीच म्हणाली, "हो म्हणा ना जी. कायले घरी बसून राहिले?"

बसून! राग आला. पण तिने आपणहून म्हटलं, हे बरंही वाटलं. पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मला जायचं आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू, फार जायचं आहे.

२१ ऑक्टोबर

सेतू केंद्रात गुड्डूकडे जाऊन आलो. कुंताला निराधारचे पैसे मिळतात, त्यावर तिची औषधं, लघवीच्या पिशव्या आणि डायपर निघतात. दरवर्षी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. मी कामावर लागलो तर काय, ते विचारायचं होतं.

"पगाराची चिठ्ठी लागेल काका. चिठ्ठी गुणिले बारा. लिमिटच्या वर गेलं की बंद."

"अरे, सीझन साडेचार महिन्याचा हाय. बारानं कायले गुणतेस?"

"मैं नहीं गुणता काका, साइट गुणती है. साइटला धान-बिन समजत नाही."

माझ्या नावापुढे व्यवसाय म्हणून त्याने तीन वर्षं 'बेरोजगार' टाकलंय, हे आज कळलं. मी म्हटलं, रुग्णसेवा टाक. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. शेती, मजुरी, नोकरी, व्यापार, गृहिणी, बेरोजगार. "गृहिणी करू?" म्हणाला आणि लाइनीतले सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन कुंताला सांगितलं, केंद्र आधारभूत, तू निराधार, आणि दोघांच्या मधे आधार कार्ड. ती पोट धरून हसली. तिला हसवणं अजून जमतं मला.

२४ ऑक्टोबर

तलाठी मॅडमना भेटलो. बाई चांगली आहे, खुर्ची दिली. म्हणाल्या, "तुमचा पगार धरला तर त्या निराधार राहत नाहीत, काका."

मी म्हटलं, "मॅडम, मी चोवीस तास तिच्याजवळ असतो तेव्हा ती निराधार. मी तिला सोडून कामावर गेलो की तिला आधार. हे कसं काय?"

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, नियम मी केला नाही. ते मलाही मालूम आहे. शेजारच्या अनुसयाबाईला दिवसभर कुंताजवळ बसायचं विचारलं होतं. ती तयार आहे, पण फुकट कशी बसेल? तिला द्यायचं तर पगारातून, आणि पगार घेतला तर निराधार बंद, मग औषधं पगारातून. वळून वळून पुन्हा तिथेच येतो मी. पाच-सहा वेळा वळलो आज.

२७ ऑक्टोबर

रस्ता गुड्डूनेच सांगितला. कुंताला परित्यक्ता दाखवायची. म्हणजे नवऱ्याने सोडलेली. पत्ता चिचगडला तिच्या भावाचा, दुर्गेशचा. रेशन कार्ड तिचं एकटीचं वेगळं. मग माझा पगार तिच्या घरात मोजलाच जाणार नाही. चौकशी होईस्तोवर खरंच तिकडे ठेवावी लागेल. पैसे सुरू झाले की घेऊन या परत, कोण बघतं?

मला वाटलं होतं कुंता रडेल. ती म्हणाली, "किती दिवस?"

"दोन महिने. फार तं तीन."

"मंग ठीक हाय. तुमी हो म्हणून टाका चुन्नीलालजीले."

एवढ्या लवकर हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. दुर्गेशला फोन केला. तो म्हणाला, बाई माही मोठी बहीण होय, विचारता कायले. मागून रेणू, त्याची बायको, काहीतरी बोलत होती, ते नीट ऐकू आलं नाही.

२९ ऑक्टोबर

आज जबाब लिहिला. गुड्डूकडचा नमुना तीन ओळींचा होता. तीन ओळींत कोणी बायको सोडतं का? चौकशीला आलेला माणूस वाचून हसेल. मी स्वतः बसलो, चांगला फुलस्केप घेतला आणि पानभर लिहिलं. केंद्रावर असताना सगळे अर्ज मीच लिहायचो. हात अजून चालतो.

उतरवून ठेवतो: "माझी पत्नी कुंता हिच्या दीर्घ आजारपणास मी कंटाळलो आहे. माझ्या उमेदीची वर्षे तिच्या खाटेपाशी वाया गेली. रात्री-अपरात्री तिची हाक आली की मजला धडकी भरते, व ही हाक कधी थांबेल असे मनात येते. तिची सेवाशुश्रूषा मजकडून यापुढे होणे नाही, सबब मी तिचा स्वखुशीने त्याग केला असून ती भावाच्या आश्रयास आहे."

स्टॅम्पवर उतरवताना गुड्डू म्हणाला, "काका, क्या लिखा है!" शेजारचा श्यामलाल पंच म्हणून सही करणार आहे. तो वाचून म्हणाला, "मनोहरलाल, कागद वाचून मलेच तुह्या राग आला बे." म्हणजे जमलं.

कुंताला वाचून दाखवला. तिने डोळे मिटले होते, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "ते हाकेची ओळ अजून एक डाव वाचा."

वाचली. म्हणाली, "चांगलं लिहिलं जी."

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अनारसे केले नाहीत, विकत आणले. कुंता तीन-चार दिवस गप्प आहे, माहेरी जायचं म्हणून असेल. काल दुपारी तिची पिशवी भरून वाहिली, गादी ओली झाली, तरी हाक मारली नाही. मी म्हटलं, अगं आवाज द्यायचा ना. म्हणाली, डोळा लागला होता. डोळे तर उघडे होते.

तिचा आवाज ऐकायची इतकी सवय झालीय की दोनदा उगाच उठून आत जाऊन आलो.

६ नोव्हेंबर

कुंताला चिचगडला सोडून आलो. ओमेश्वरची व्हॅन, मागची सीट काढून गादी टाकली होती. रस्ताभर तिचं डोकं मी मांडीवर धरलं. देवरीच्या पुढे जंगल लागलं तेव्हा म्हणाली, थंडी वाजते. शाल घातली.

दुर्गेशने मागच्या पडवीत खाट टाकली आहे. मी रेणूला सगळं दाखवलं. कूस कशी बदलायची, टाचेखाली कपडा कसा ठेवायचा, नळी कुठे दबते. कागदावर वेळा लिहून भिंतीला चिकटवल्या. रेणू बघत होती. तिच्या कडेवर लहान पोर होतं, दुसरं पदराला.

निघताना अनुसयाबाईचं सकाळचं बोलणं आठवत होतं. म्हणाली होती, "कागद खोटा हाय तं बाई काऊन चालली?" बायांना सरकारी काम समजत नाही.

१२ नोव्हेंबर

केंद्र सुरू झालं. काय लिहू! सकाळी सातला पोचलो तर ट्रॅक्टरची लाइन फाट्यापर्यंत. परखी हातात घेतली आणि पहिल्याच पोत्याला चुन्नीलालजींसमोर शेतकऱ्याला म्हटलं, ओलावा सतरा टक्क्यांच्या वर आहे, वाळवून आणा. मशीन लावून पाहिलं तर सतरा पूर्णांक चार. सगळे बघत राहिले. दुपारी चहा कोणी दिला तेही आठवत नाही, चार कप झाले.

घरी आलो, जेवलो, पडलो, आणि सकाळी उठलो. मधे एकदाही जाग नाही. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. अंग हलकं हलकं.

चिचगडला फोन करायचा राहिला.

१ डिसेंबर

रविवारी चिचगडला गेलो. रेणूने फाटकातच अडवलं. "भाऊजी, असे दिवसाढवळ्या येऊ नोका. चौकशी बाकी हाय. लोकं म्हणतीन, सोडली तं हा इथं काय करून राहिला?" निवडणुकीमुळे आचारसंहिता होती, म्हणून चौकशीच उशिरा निघाली.

मला पुढच्या खोलीत पाहुण्यासारखं बसवलं. पोहे दिले. शेजारची एक म्हातारी डोकावली तर रेणूने सांगितलं, देवरीचे बियाणेवाले आहेत. मी बियाण्याच्या दोन गोष्टी बोललो. तासाभराने पडवीत जाऊ दिलं. कुंता बारीक झाली आहे. मी केंद्रावरच्या गोष्टी सांगत सुटलो, सतरा पूर्णांक चारची पण सांगितली. ती ऐकत होती. म्हणाली, "चेहरा खुलला जी तुमचा."

तिचं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही असं आत्ता लिहिताना लक्षात आलं. वेळ कमी होता.

१९ डिसेंबर

दुर्गेशचा फोन. चौकशी झाली. तिकडचे तलाठी आणि कोणी एक बाबू आले होते. "भाऊजी, बाईनं असं सांगतलं का त्या बाबूच्या डोयात पाणी आलं. म्हणे, त्यायचा दोष नाही जी. तीन वर्षं माही घाण काढली त्या मानसानं. मीच म्हणलं, सोडा. मानूसच होय, थकलच."

असं काही ठरलं नव्हतं. ठरलं होतं की मी मारतो असं सांगायचं. पण तिचंच जास्त पटलं असणार. झाडीपट्टीच्या नाटकात गेली असती तर पब्लिकला रडवलं असतं कुंताने. चुन्नीलालजींना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि दुसरीकडे बघत राहिले.

२२ जानेवारी २०२५

मंजूर! निराधार समितीच्या यादीत नाव आलं. गुड्डूने फोटो पाठवला: कुंता मनोहरलाल टेंभरे, परित्यक्ता व दिव्यांग. यादीत आपलं नाव बघून बरं वाटलं, मग पुढचा शब्द वाचला.

पेढे वाटले. अनुसयाबाईने पेढा घेतला आणि खाल्ला नाही, ओट्यावर ठेवला. मुंग्या लागल्या.

खरं तर आता आणायला पाहिजे होतं. पण केंद्रावर आवक जोरात आहे, रिकाम्या पोत्यांचा बारदाना कमी पडतोय, सुट्टी मागायची सोय नाही. आणि आणली तर दिवसा तिच्याजवळ बसणार कोण? सीझन संपला की आणतो. कुंताला फोनवर सांगितलं. म्हणाली, हो, कामाचं पहा.

१६ फेब्रुवारी

अकरा आठवड्यांनी गेलो.

कुंताला माकडहाडाशी जखम झाली आहे. माझा अंगठा बुडेल एवढी. वास येतो. मी भिंतीवर लावलेला वेळांचा कागद तसाच आहे, वरून कोणीतरी पोराने पेन्सिलीने ट्रॅक्टर काढलाय.

मी रेणूवर ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. तीही सोडणारी नाही. "बाई कोनाले आवाजच नाइ देत. ओली झाली तं ओल्यात पडून राहते. विचारलं तं म्हणते, बरी हावो. मी पोरं पाहू का धान कांडू का तिच्या उशाशी बसू? तुमी तीन वर्षं केलं अन् थकले. मले काऊन नाइ थकवा येत? माह्या कागद कोन लिहून देते?"

दुर्गेश अंगणात उभा होता, खाली बघत. रेणूचं खरं आहे. तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

जखम धुतली, पट्टी केली. कुंता पालथी होती, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मी म्हटलं, "हाक काऊन नाही मारत तू यायले?" म्हणाली, "सवय मोडली जी."

२ एप्रिल

परवा खरेदी बंद झाली. पोती उचलून झाली, काटा झाकला, चुन्नीलालजींनी हात मिळवला. म्हणाले, रबीची खरेदी येते का नाही ते वरून ठरल. म्हणजे घरी.

गुड्डूकडे गेलो. म्हटलं, कुंताला आणायची आहे, कागद कसा फिरवायचा?

"फिरत नाही काका. आली की परित्यक्ता राहत नाही, पैसे बंद. नवीन अर्ज करायचा तर तुमच्या उत्पन्नाचा दाखला लागेल."

"आता मले पगार कोठी हाय?"

"मागच्या वर्षाचा लागतो. चिठ्ठ्या आहेत ना सीझनच्या. गुणिले बारा." मग हळूच म्हणाला, "आणि काका, स्टॅम्पवर खोटं लिहून दिलं असं निघेल. उस में तो केस बनता है. रहने दो उधरच."

गुड्डूचा राग नाही. मीच त्याच्या मागे लागलो होतो.

घर झाडलं. तिची खाट उन्हात टाकली, गादी भरून घेतली, धरायला बाजूला बांबू बांधला. पैशाचं पुढे बघू. जखम बुजली पाहिजे, ती इथेच बुजेल, माझ्या हाताने. ओमेश्वरला रविवारचं सांगितलं.

६ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण सहा महिने सगळं लिहिलं तर हे का नाही?

सकाळी दहाला चिचगडला पोचलो. या वेळी बियाणेवाला झालो नाही, सरळ पडवीत गेलो. व्हॅनचं मागचं दार उघडंच ठेवलं होतं, खाटेवरून दिसेल असं. कुंताचं तोंड पार लहान झालं आहे. रेणूने तिची वेणी घातली होती. मी म्हटलं, "चल, घरी नेतो तुले."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हाताकडे, मग तोंडाकडे. मी कित्येक वर्षं धानाकडे बघायचो तसं. म्हणाली, "राहू द्या जी. इथं पैसे येतेत. तुमी कामधंदा पहा. मी येऊन कायले दोघं उपाशी मरायचं?"

मी म्हणालो, "बरं."

एवढंच म्हणालो. आणि छातीवरून काहीतरी उतरलं. काय ते मला मालूम आहे. तिलाही मालूम झालं, कारण ती माझ्या तोंडाकडेच बघत होती, आणि त्यानंतर तिने मान भिंतीकडे केली. रेणूने चहाचं विचारलं, मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा घेतला. पट्टीचं सामान दुर्गेशजवळ दिलं. ओमेश्वर म्हणाला, "पेशंट?" मी म्हटलं, चल. रिकामी गादी मागे पूर्ण रस्ता घसरत होती.

नवेगाव फाट्याच्या अलीकडे डोक्यात आलं की गाडी वळवावी. ओमेश्वरला सांगावं, वळव. नाही सांगितलं. ती 'राहू द्या' म्हणाली ते खरं होतं की विचारून बघत होती, हे मला कळायला पाहिजे होतं. अकरा वर्षं मुठीत धरून सांगत आलो कशात किती ओलावा आहे.

आपल्याकडे चहालासुद्धा माणसाला दोनदा विचारतात. कुंताला मी एकदाच विचारलं.